शिळं न ठेवणारे साडभाऊ

जगातली सगळी दुःखं दुपारी तीन-वीसला मिटवून टाकता येतात असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला आला. आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जबलपुरातल्या डिफेन्सच्या फॅक्टरीत त्यांनी अख्खी नोकरी तपासनीस म्हणून काढली. समोर आलेला पुर्जा गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला, लावायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. वाद नाही, वशिला नाही. रिटायर झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्यांनी नर्मदेच्या घाटावर फिरायला जाणं सुरू केलं, कोणी बुद्धविहाराच्या कमिटीत शिरलं. यांनी गढा मोहल्ल्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला आणि इंडेक्सच्या फ्युचरचे सौदे सुरू केले. शेअर बाजार आज चढणार की पडणार यावर सकाळी डाव लावायचा आणि बाजार मिटायच्या आत तो मोडायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण साडभाऊ सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस अजून देशाचं संरक्षणच करतोय.

बाजार साडेतीनला मिटतो. साडभाऊ त्याच्या दहा मिनिटं आधी हातातला सौदा, त्यांच्या भाषेत ‘पोझिशन’, मोडून मोकळे. याला ते ‘स्क्वेअर ऑफ’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा दिसतो. ब्रोकरचं मशीन हे काम आपोआप करून देतं म्हणे, पण मशीनवर यांचा विश्वास नाही, म्हणून ती सोय यांनी घेतलेलीच नाही. बटण स्वतःच्या बोटानं दाबणार. नफा असो की तोटा, रात्रीला काही न्यायचं नाही. “आपण झोपून राहतो आन् सौदा जागा राहते, साडभाऊ. काहून जोखीम घ्यायची?” हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की माझी झोप उडायची पाळी आली, आणि माझा तर कुठे सौदाही नाही. कॉम्प्युटरच्या शेजारी तथागतांची मूर्ती आहे. तृष्णा हेच दुःखाचं मूळ, हे त्यांना पाठ आहे. “म्हणूनच मी टार्गेट लहान ठेवतो,” असं ते शांतपणे सांगतात. मग ही लहानशी तृष्णा रोज सव्वानऊच्या ठोक्याला कशी काय जागी होते, हे विचारायचं माझ्या ओठांवर येतं. पण साडवाचं नातं नाजूक असतं, मी चहा पितो.

बरं, हा नियम बाजारापुरता असता तर गोष्ट वेगळी. शेजाऱ्याची शिडी आणली, तीन-वीसला परत. कोणाशी तोंडातोंडी झाली, तीन-वीसला फोन करून मिटवणार, मग समोरचा अजून रागात का असेना. सकाळी ताईंशी, म्हणजे त्यांच्या बायकोशी, भाजीत मीठ जास्त झाल्यावरून वाजलं, की दुपारी बरोबर त्या वेळेला हे स्वयंपाकघराच्या दारात उभे. हात चोळत म्हणायचे, “चलो, स्क्वेअर ऑफ.” ताई मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायच्या. एकदा मी ताईंना विचारलं की तुमचा राग खरंच इतक्या लवकर जातो का? त्या म्हणाल्या, “राग कुठचा जाते, भाऊजी! पण हा माणूस दारातून हटत नाही, मग चहा तरी ठेवावाच लागते.”

चार्टावर साडभाऊंचा भारी जीव. दर पाच मिनिटांनी भावाची एक नवी कांडी, म्हणजे कॅन्डल, उगवणार, भाव चढला तर हिरवी, पडला तर लाल, आणि हे तिच्याकडे नव्या बाळंतिणीनं पाळण्याकडे बघावं तसं बघणार. भाव पडता पडता जिथून पुन्हा उसळी घेतो त्या पातळीला सपोर्ट म्हणतात. कॉम्प्युटरवर तशी रेघ मारायची सोय असते. पण तपासनिसाचा हात, तो माऊसवर कसा समाधान मानणार? फॅक्टरीतल्या सवयीनं त्यांनी स्टीलची पट्टी काढली, काचेवर उमटणारी पेन्सिल काढली, आणि सरळ स्क्रीनच्या काचेवरच रेघ मारली. काय रेघ होती! केसाइतकीही वाकडी नाही. दुपारी भाव धडधडत रेघेखाली आला. सपोर्ट तुटला, असं ओरडून साडभाऊंनी सौदा तोट्यात मोडला. मग बघतात तर भाव जागचा हललाच नव्हता. स्क्रीननं आपणहून चार्ट लहान करून खाली सरकवला होता आणि काचेवरची रेघ बिचारी इमानानं जागच्या जागी उभी होती. दुसरा कोणी असता तर आठ दिवस तोंड दाखवलं नसतं. साडभाऊ मला बोलावून म्हणाले, “रेघ बरोबर होती, साडभाऊ. बाजार सरकला.”

मग हळूहळू सगळं जगच त्यांच्या चार्टावर आलं. भाव चढता चढता जिथे अडतो तो रेझिस्टन्स, आणि तो ओलांडून सुटला की ब्रेकआउट. ताईंचं ब्लडप्रेशर ‘रेझिस्टन्सला अडकून राहिलंय’. जवळच्या सिहोऱ्याला एका लग्नात नवरदेवाचा फुगलेला मामा वरातीत पुढे यायला लागला तेव्हा “आता ब्रेकआउट” हे यांनी माझ्या कानात आधीच सांगितलं होतं, आणि खरोखर मामा मांडवात रुसून बसला. सराफ्यात ताईंसाठी पोत घ्यायला गेले तर सोनाराच्या गादीवर बसून त्यालाच सोन्याचा चार्ट समजावून आले. भाव उतरेल म्हणाले. ताई अजून वाट बघताहेत. बाजाराच्या वेळात लक्ष विचलित व्हायला नको म्हणून त्यांचा मोबाइल सकाळीच स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्यात जायचा. तीन-वीसनंतर तो डाळ झटकून बाहेर निघायचा.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, ते सोनूच्या दिवसापर्यंत. सोनू ही त्यांची एकुलती एक लेक. घरात आई-बाप मराठी बोलणार आणि ही पोरगी हिंदीत उत्तर देणार, अशी जबलपुरी तऱ्हा. एके दिवशी सकाळी ती उड्या मारतच पुढच्या खोलीत शिरली. हैदराबादची नोकरी पक्की झाली होती, आणि आईच्याही आधी तिला ते बापाला सांगायचं होतं. “पापा, सुनो ना!” नेमका त्याच वेळी भाव अडलेली पातळी ओलांडत होता. साडभाऊंनी मान वळवली नाही. नुसता डावा तळहात वर केला, चौकातला पोलीस ट्रक थांबवतो तसा. “तीन-वीसनंतर, बेटा.” मी तिथंच बसलो होतो. पोरीचा चेहरा मी पाहिला, त्यांनी नाही.

तीन-वीसला साडभाऊ खूष होते. हात चोळत तिच्या खोलीच्या दारात गेले आणि म्हणाले, “चलो सोनू, स्क्वेअर ऑफ. सांग आता.” आतून शांतपणे आवाज आला, “पापा, मैं आपकी पोझिशन नहीं हूँ.” बस, एवढंच. त्यानंतर चहा ठेवला गेला नाही. ती हैदराबादला गेली ती बापाशी न बोलताच. फोन आईला करायची. साडभाऊ ताईंच्या शेजारी बसून नुसते खुणा करायचे, जेवली का विचार, गाडी सावकाश चालव म्हणावं. ताई विचारायच्या, उत्तर आणून द्यायच्या. ज्या माणसानं शेजाऱ्याची शिडी घरात एक रात्र राहू दिली नाही, त्याच्या घरात हा अबोला रोज रात्री मुक्कामाला असायचा. मी एकदा म्हटलं, तुम्हीच लावा की फोन. “लावतो नं मी. ती उचलत नाही,” म्हणाले, आणि पट्टी पुसायला लागले. मला त्या माणसाची फार दया आली, आणि दया आली की मला राग येतो, म्हणून मी त्या दिवशी चहा न घेताच निघालो.

अशा दोन दिवाळ्या गेल्या. मग एका दुपारी त्यांनी मला हौसेनं बोलावून घेतलं, आज मोठी चाल येणार म्हणून. सौदा लावलेला, रेघ मारलेली (आता माऊसनं), बाजार मिटायला थोडा अवकाश. इतक्यात स्वयंपाकघरात डाळीचा डबा गुरगुरायला लागला. ताई आतून ओरडल्या, “अहो, सोनूचा फोन! माझ्यावर नाही, तुमच्यावर आलाय!”

सवय ती सवय. साडभाऊंचा डावा तळहात वर गेला. आणि मग त्यांनी त्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्या खांद्याला येऊन चिकटला असावा, असे पाहत राहिले. हात खाली आला. खुर्ची मागे सरली. “तुम्ही बघा जरा,” एवढं मला सांगून हा माणूस धावला. होय, धावला, त्या गुडघ्यांनी!

मी बघू? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! समोर एक लाल कॅन्डल, तिच्याखाली दुसरी लाल, मग तिसरी. भाव रेघेखाली गेला, आणि या खेपेला खरोखर बाजारच सरकला होता, चार्ट नाही. मी घाबरून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. साडभाऊ खाली फरशीवर बसलेले, कानाला फोन, मिशीला डाळ. पोरीला ताप होता. ऑफिसला गेली नव्हती, खोलीवर एकटी होती. ताप आला की ही लहानपणापासून बापालाच शोधायची. फॅक्टरीतून येऊन कपाळावर हात ठेवायचा तो यांनीच. “साडभाऊ, पडून राहिलं सगळं! मोडू का?” मी हळूच विचारलं. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. तोच, पोलिसाचा.

पलीकडून सोनूनं काहीतरी विचारलं असावं. पुढच्या खोलीतून स्क्रीनचा लाल उजेड तथागतांच्या मूर्तीवर पडलेला मला दिसत होता. मग ते म्हणाले, “हाँ बेटा, आज छुट्टी है. आज मार्केट बंद है.”

त्या दिवशी तीन-वीस कधी वाजून गेले, घरात कोणाला कळलं नाही. सौदा रात्रभर तसाच राहिला. सकाळी त्याचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आता डाळीच्या डब्यात फक्त डाळ असते. मोबाइल मूर्तीच्या शेजारी उताणा ठेवलेला असतो. दुपारी सोनूला ऑफिस असतं, त्या वेळात तिचा फोन येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी मी गेलो की पाहतो, कॅन्डल उगवून जाते, मावळून जाते, आणि साडभाऊंची नजर फोनवरच असते.