सिस्टरच्या ओट्यापर्यंतची वाट

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीच्या वर्गातच राहून गेलं, तेव्हा जे चुकेल त्याची आधीच माफी मागते. माझ्या मुलीच्या, मीनाच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. विमल सिस्टर गेल्या त्याला सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माइक माझ्याही हातात दिला होता. माझ्या आधी कितीतरी बाया बोलल्या. मी माइक धरून उभी राहिले आणि तसाच तो परत देऊन खाली बसले. तिथं राहिलं ते इथं लिहिते.

सिस्टर गेल्या त्या दिवशी मीनाचे बाबा कामावर होते. ते गवंडी आहेत. दुपारीच घरी आले, थापी धुतली, कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, "सिस्टर गेल्या." एवढंच. मग चपला घालून निघाले. आमच्या घरून सिस्टरच्या घरी जायचं तर फाट्यावरच्या देशीच्या दुकानासमोरूनच जावं लागतं. मी पदर सावरला आणि वीस पावलं मागे राहून चालू लागले. दुकानासमोर ते थांबले. माझेही पाय थांबले… त्यांनी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला आणि पुढे गेले. सिस्टरच्या घरापुढं माणसं जमली होती. हे ओट्याच्या कडेला, नेहमीच्या जागी जाऊन बसले.

विमल सिस्टर आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. रिटायर झाल्या तरी गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं. माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळं. त्या काळात मीनाचे बाबा रोज प्यायचे. सकाळी हात इतके थरथरायचे की ओळंबा लावला तर दोरी वाऱ्याशिवाय हलायची. मालक लोक त्यांना काम द्यायचे बंद झाले होते. कामरगावच्या बाजारात एक माणूस पुड्या विकायचा, 'न सांगता दारू सोडवा' असं लिहिलेलं. मी एक पुडी घेतली आणि वरणात कालवून वाढली. संध्याकाळी ते पिऊन आले आणि दारातच कोसळले. तोंड लालबुंद, छाती धडधडत, श्वास घेता येईना. त्या पुडीवर दारू पोटात गेली की जिवावर बेततं, हे मला ठाऊक नव्हतं. ऑटोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सिस्टर आपणहून सोबत आल्या. डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं, काय घेतलं? आणि मी गप्प. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि त्या दिवशी तर भीतीही होती. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं, मला भिंतीकडं नेलं आणि हळूच म्हणाल्या, "काय घातलं व त्याच्या जेवणात? मी रागावत नाई. पण आता नाई सांगतलं त मंग सांगून फायदा नाई." मी पदराची गाठ सोडून रिकामी पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्या तशाच डॉक्टरकडं धावल्या.

हे वाचले. चौथ्या दिवशी सिस्टरनी मला यांच्या खाटेजवळ उभं केलं. म्हणाल्या, "आता तूच सांग त्याले." मी खाली पाहत सांगितलं. घरी आल्यावर कितीतरी दिवस ताट पुढं आलं की ते म्हणायचे, "पयले तू खाय." मी एक घास खायची, मग ते खायचे. रोज. मला ते फार लागायचं, पण म्हणणार काय? मी सिस्टरपाशी रडले. त्या म्हणाल्या, "रडू नको. त्यानं दारू लपवली, तू दवाई लपवली. आता घरात लपवालपवी बंद. औषध घ्यायचं असन त डॉक्टरच्या हातून, त्याच्या मर्जीनं, त्याच्या डोयासमोर."

अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात जायला ते स्वतःच तयार झाले. का झाले ते मला कधी कळलं नाही. एकदा फक्त म्हणाले होते की दवाखान्यात मीना खाटेपासून लांब उभी होती. खर्च बारा हजार होता. तो सिस्टरनी भरला. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा सिस्टरनी सांगितलं, "माहे पैसे परत पायजेत, महादेव. पण माह्या अटीवर. दर महिन्याच्या एक तारखेले तू सोता आणायचे. बायकोच्या हाती नाई, पोरीच्या हाती नाई. चालत यायचं आन् चहा पिऊन जायचं."

"त्यापेक्षा हा ओटा बांधून देतो ना, सिस्टर," हे म्हणाले. "पार ढासळला."

"ओटा बांध, त्याची मजुरी घे. उधारी उधारीच्या जागी."

ओटा त्यांनी बांधला, शहाबादी फरशी लावून. मग दर एक तारखेला पाचशे रुपये घेऊन ते त्याच ओट्यावर जाऊन बसायचे. त्याच ओट्यावर दर गुरुवारी चार वाजता सिस्टर आम्हा बायांना बोलवायच्या, ज्यांच्या घरी दारू होती त्यांना. सतरंजी टाकायच्या, मधोमध पोह्यांचं पातेलं. शिव्याशाप द्यायचे नाहीत, नवऱ्याचे पैसे लपवायचे कसे हे शिकायला यायचं नाही, असा नियम. हा आजार आहे, तो कसा चढतो, परत कसा येतो, हे त्या आम्हाला फळ्यावर चित्रं काढून समजवायच्या. मी सहा वर्षं जाऊन एकदाही बोलले नाही. कुणी टोमणा मारला, "ही त मुकीच हाये," तर सिस्टर म्हणायच्या, "मुकी नाई, ऐकून राह्यली. तुमच्यात ऐकते कोण?"

मधे एकदा हे घसरले. स्लॅब टाकून झाला की मालकानं मजुरांना मटण आणि दारू द्यायची, ही आमच्याकडची रीतच. तीन मजली घराच्या स्लॅबला सगळ्यांनी आग्रह केला आणि हे प्याले. लाजेनं एक तारखेला गेलेच नाहीत. मी पाचशेची नोट घेऊन गेले, तर सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "पैसे ने वापस. त्याले पाठव." दुसऱ्या दिवशी ते गेले. सिस्टरनी चहा दिला आणि विचारलं, "पुढचा स्लॅब कवा हाये?" पुढच्या स्लॅबला यांनी मालकाला आधीच सांगून ठेवलं, माझ्या वाट्याचं मटण डब्यात द्या, मी दुपारीच घरी जातो. मजूर अजून त्यांना डब्बेवाला म्हणून चिडवतात. पण त्या दिवशी डबा घेऊन आले, जेवायला बसले आणि 'पयले तू खाय' न म्हणता घास तोंडात घातला. मी पाठ फिरवून चुलीत उगाच लाकूड सरकवत बसले…

नंतर पाचशेचे शंभर झाले, मग पन्नास, मग वीस. काम तर भरपूर होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. बाकीचा पैसा जातो कुठं? शेवटी बचत गटातून पैसे काढले आणि उरलेली सगळी रक्कम घेऊन मी सिस्टरकडं गेले. त्या हसल्याच. "काहून व, माह्या ओट्यावरून उठवतं काय त्याले?" मग म्हणाल्या, "मीबी इचारलं त्याले, हे वीस रुपये कायचे? त म्हणे, सिस्टर, फिटले त मंग मी यायचं कायच्या नावानं?"

तेव्हा मला समजलं. महिनाभर त्यांचे पाय त्या दुकानासमोरून सरळ जात होते, कारण एक तारीख यायची होती.

सिस्टर गेल्या तेव्हा एकशे वीस रुपये बाकी होते. एक तारीख आली आणि गेली. हे कुठंच गेले नाहीत. संध्याकाळी अंगणात ओळंबा हातात धरून बसले. मी दोरीकडं बघत होते. दोरी हलली नाही, पण पुढच्या महिन्याचं काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या गुरुवारी चार वाजता माझे पाय आपोआप ओट्याकडं वळले. दुसऱ्या बायाही आल्या होत्या. सिस्टरची सून रेखा सतरंजी घेऊन आली, टाकली, आणि आम्ही बसलो. तेवढ्यात मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई आली, सिस्टर गेल्याचं तिला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या दारूचं बोलता बोलता तिचा हात सारखा पदराच्या गाठीकडं जात होता. मी ती गाठ ओळखली.

"पुडी हाये का त्यात?" मी विचारलं. सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. "घातली तर नाई ना अजून? घालू नको, बाई. माह्या हातून माणूस जात होता." आणि मग मी सगळं सांगितलं, वरणापासून.

घरी येऊन यांनाही सांगितलं. "तिच्या नवऱ्याले पाठव म्हण," ते म्हणाले. "एक तारखेले मी असतोच तिथं."

आज एक तारीख होती. ते ओट्यावर गेले, मीही गेले, या वेळी वीस पावलं मागे नाही. तांड्यावरचा माणूस आला होता, ओट्याच्या खालीच उभा, वर यायला लाजत होता. हे सरकून बसले आणि त्याला जागा केली. रेखानं तीन कप चहा आणला. यांनी खिशातून शंभराची आणि वीसची नोट काढली, हातानं सपाट केली आणि रेखाच्या हातावर ठेवली. तिनं सिस्टरच्या उधारीच्या वहीत, सिस्टरच्या अक्षराखाली लिहिलं, पूर्ण फिटले.