गिरजाची भूक

गिरजा गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. ती, माझी बायको, चार दाणे वाटीत टाकायची आणि एक तोंडात. मी म्हटलं, "सारे कच्चेच खाशीन तं भाजी कशाची करशीन व?" ती म्हणाली, "तुमच्या बोलन्याची. ते कधी सरत नाई." संध्याकाळी नेहमीसारखी मी तिला इन्सुलिनची सुई टोचली, आम्ही जेवलो. सकाळी ती उठली नाही... हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. याला दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण मागं एकदा माझ्या हातून जे झालं ते इतर घरांतही होत असेल, म्हणून लिहायला बसलो.

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षीची गोष्ट. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून उन्हाळा लागला तरी कापूस पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवलेला. त्याच वर्षी गिरजाला साखरेच्या आजाराच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या आणि इन्सुलिनची सुई सुरू झाली. बाटली थंड जागी ठेवा, असं नर्सबाईनं बजावलं. आमच्याकडे फ्रिज नव्हता. मी डोकं चालवलं. बर्फवाला बर्फ भुशात ठेवतो, मग औषध कापसात का ठेवू नये? बाटल्या ढिगात खोल खुपसल्या. जन्म कापसात गेला माझा. दबलेला ढीग आतून तापतो, हात घातला की ऊब लागते, हे मला ठाऊक होतं. तरी ठेवल्या.

दोन महिन्यांत गिरजा वाळली. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. रात्रीतून उठून तांब्या-तांब्या पाणी प्यायची. आणि भूक अशी, की चार भाकरी खाऊन पाचवीकडे बघायची. रोज दोन वेळा सुई टोचत होतो, म्हणजे औषध चालूच आहे असं मी धरून चाललो आणि दोष तिच्या जिभेला दिला. चार माणसांत म्हटलं, "पोटात बोकड बांधला काय व?" माणसं हसली. तीही हसली. पण त्यानंतर ती माझ्यासमोर दोनच भाकरी खायची. एकदा मी शेतातून लवकर आलो, तर ती कापसाच्या ढिगामागे भिंतीकडे तोंड करून कोरडी भाकर खात होती. मला पाहून तिनं ती पदराखाली घेतली. "भूक मरतच नाई, तं काय करू?" एवढंच म्हणाली.

चक्कर येऊन पडली तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं पहिलं विचारलं, औषध कुठं ठेवता? मी सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. मग माझ्यासारख्याला समजेल असं बोलल्या. अंगातली चरबी नुसती पडून नसते, ती रक्तात एक रस सोडते. लेप्टिन त्याचं नाव, मी कागदावर लिहून घेतलं. तो रस मेंदूला सांगतो, की साठा आहे, आता खाणं बस. इन्सुलिन मेलं की साखर रक्तातच फिरत राहते, अंगाला लागत नाही, चरबी झडते आणि हा रस आटतो. मग ताट भरलेलं असलं तरी मेंदूला वाटतं, घरात दुष्काळ आहे. त्या म्हणाल्या, "बाबा, हावरेपणा नाही हा. औषध गरमीनं मेलंय."

आठवडाभर तिला तिथंच ठेवून घेतलं, नवं औषध लागू पडलं तशी तिची भूक माणसात आली. परतताना एसटीत तिनं मला कोपर मारलं, "आता म्हना बोकड." मी तिथंच माफी मागायला हवी होती. मागितली नाही. पुढं मडक्यात मडकं ठेवून मधी ओली रेती भरली, बाटली त्यात ठेवली आणि सुई रोज मीच टोचली... पण ती माफी नव्हे.

ती गेली त्या दिवशी आमची चूल बंद, शेजारच्या सखुबाईनं भाकरी-पिठलं आणलं. तिची सून मंदा कोपऱ्यात बसून जेवत होती. सखुबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मरनाच्या घरी बी हिचा घास थांबत नाई." दोघीचौघी हसल्या. मंदाही हसली. मी तिच्याकडे नीट पाहिलं. पोलकं खांद्यावरून उतरत होतं.

"पोरी, पानी बी लय पेतं काय?"

तिनं खाली मान घालून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सखुबाईच्या दारात उभा राहिलो, म्हटलं मंदाला दवाखान्यात नेऊ. ती म्हणाली, "भाऊ, राख सावडाची हाय अजून. तिसरा दिवस तं होऊ द्या."

"राख कुठी पळून नाई जात. चाल, तू बी चाल."

पहिल्या एसटीनं दोघींना घेऊन गेलो. मंदाच्या बोटातून रक्त घेतलं, साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई मंदाला समजवायला लागल्या, तसं मी त्यांना थांबवलं. म्हटलं, "तिले नका सांगू बाई. तिची भूक तिले समजते." आणि सखुबाईला दंडाला धरून आणलं अन् त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं.