मागच्या सीटखालचा आवाज

चावी फिरवली की आमची गाडी आधी दोन सेकंद गुणगुणायची. मागच्या सीटखाली टाकीत पेट्रोलचा पंप असतो. तो तेवढ्या वेळात इंजेक्टरपर्यंत दाब पोचवतो आणि मगच इंजिन उठतं. हे मला आबांनी शिकवलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, फौजेत आयुष्यभर ट्रक दुरुस्त करून कुंडलला परत आलेले. घरात बाकी सगळ्यावर वाद चालायचा, इंजिनावर नाही. तिथं त्यांचा शब्द शेवटचा. मी पडलो शाळामास्तर, माझी हुशारी फळ्यापुरती.

गाडी जुनी होती, पण तिच्यावाचून आमचं भागत नव्हतं. आईच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी सांगलीला न्यावं लागे आणि एसटीत तिला बसवत नसे.

त्या थंडीत गाडी नखरे करायला लागली. सकाळी लवकर सुरू व्हायची नाही, चढावर मध्येच दम टाकायची. आबांनी रीतसर तपास मांडला. आधी ठिणगी, मग पेट्रोल. प्लग काढून बघितले, ठिणगी निळीशार होती. राहिलं पेट्रोल. ते मागच्या सीटवर कान टेकून वाकले आणि मला चावी फिरवायला लावली.

"बोलतोय न्हवं रं पंप?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण ज्यांची हयात इंजिनात गेली त्यांना मी काय शिकवणार?

"व्हय आबा," मी म्हणालो.

मग पंप सोडून सगळं झालं. सेन्सर बदलला, इंजेक्टर साफ केले, वायरी तपासल्या. दर वेळी तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. कधीकधी पंप खरंच गुणगुणायचा, त्यामुळं माझं खोटं मला खोटं वाटेनासं झालं. याच काळात घरातल्या टीव्हीचा आवाज वाढत चालला होता. तेही आम्ही हसण्यावारी नेलं.

पलूस सोडल्यावर गाडी बंद पडली त्या दिवशी आई मागं बसली होती. पाय सुजलेले, श्वास आखूड. आबांनी तिला जरा सरकायला सांगून सीटवर कान टेकला आणि मला विचारलं. मी चावी फिरवली. खाली चिडीचूप होतं. आणि मी, लाज वाटते सांगायला, सवयीनं "व्हय" म्हणालो. त्यांनी बॉनेट उघडून पुन्हा प्लग काढायला घेतले. उसाचे ट्रॅक्टर शेजारून जात राहिले. तासाभरानं एका टेम्पोवाल्यानं आम्हाला सांगलीला पोचवलं, तोवर आमची वेळ टळली होती. मशीनवर दुसरा पेशंट होता. उद्या सकाळी या, म्हणाले.

आईच्या अंगात आधीच पाणी साठलं होतं. सकाळी शेजाऱ्यांची जीप दारात येईपर्यंत ती गेली.

तेरावं झाल्यावर आबांनी मला पलूसहून ओढून आणलेल्या गाडीत बसवलं. सीटवर कान टेकून तोच प्रश्न विचारला. या वेळी मी मागं वळून म्हणालो, "न्हाई, आबा. लय दिस झालं, धड बोलत न्हाई."

ते सावकाश उठले. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हात उगारतील. उगारला असता तर बरं झालं असतं.

"मला दोन सालं झाली, बारीक आवाज येतच न्हाई," ते म्हणाले. "चारचौघांत सांगू कसं? म्हनून तर तुला इचारत हुतो."

नवा पंप त्यांनी त्याच दिवशी बसवला. चावी स्वतःच फिरवली आणि माझ्याकडं बघितलं, पण विचारलं काहीच नाही.