लिंबराज आण्णांचं गाण्यांचं पेज

लिंबराज आण्णा गाणं एकाच कानानं ऐकायचे. ईअरफोनची दुसरी वायर छातीवर लोंबत असायची. परंड्यात त्यांच्या घरी वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून मी गेलो, त्या दिवशीही ते ओट्यावर असेच डोळे मिटून बसले होते. मी नमस्कार केला, तर डोळे न उघडता त्यांनी हातानं थांबायची खूण केली. माझं सामान आणि मी उन्हात उभे. गाणं संपल्यावर म्हणाले, "सर, दोन्ही कान बंद करून कोण ऐकतंय गाणं? एसटीत, लग्नात, टपरीवर शेजारी कुणीतरी बोलतच असतंय. म्या बी तसंच ऐकतो." मग स्वतः उठून माझी गादी वर नेऊ लागले.

पंचायत समितीत आवक-जावक कारकून म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, योग्य त्या टेबलावर धाडायचा. निवृत्त झाल्यावर मुलानं स्मार्टफोन दिला आणि आण्णांनी इंटरनेटवर स्वतःचं पेज काढलं. त्यावर ते गाण्यांविषयी लिहायचे. सिनेमातली गाणी, जुन्या कॅसेटमधली, येरमाळ्याच्या यात्रेत कर्ण्यावर लागणारी, आणि वरातीत डीजेवर वाजणारीसुद्धा. मी मराठीचा मास्तर, डीजे म्हटलं की माझं कपाळ दुखतं, तसं मी बोलूनही दाखवलं.

"नाक मुरडू नका सर," आण्णा म्हणाले. "ज्याच्यावर आख्खी वरात नाचती, त्यात कायतरी असणारच की. ते काय हाय, तेवढं हुडकायचं. राग-बिग मला कळत न्हाय."

पण हुडकताना त्यांची दमछाक व्हायची. 'गोड' हा शब्द त्यांनी स्वतःवर बंदच करून घेतला होता. "गोड म्हणलं की संपलं. च्या बी गोडच असतोय." एका गायिकेच्या आवाजासाठी ते सबंध दुपार ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, वैतागून दार लोटून झोपल्या. शेवटी त्यांनी लिहिलं, 'ही बाई रडून झाल्यावर तोंड धुऊन गायला बसली आहे.' ते वाक्य मला अजून पाठ आहे.

ताप तर रोजचेच. जुन्या गाण्यावर लिहिलं की पोरं म्हणायची, म्हातारा झोपवतो. नव्यावर लिहिलं की म्हातारे म्हणायचे, याला वयाची लाज नाही. एकदा कुणीतरी त्यांचा लेख जसाच्या तसा उचलून खाली स्वतःचं नाव घातलं, आणि तो फिरत फिरत आण्णांच्या मेव्हण्याकडून आण्णांनाच आला, 'भावजी, वाचा, किती छान लिहिलंय.' माझं डोकं फिरलं. आण्णांनी फक्त उत्तर धाडलं, 'व्हय, बरं लिहिलंय.'

त्यांचा जीव होता तो लेखाखाली लोक जे लिहीत त्यात. नळदुर्गचा एक ट्रक ड्रायव्हर लिहायचा, गाडी ढाब्यावर लावून तुमचं वाचलं, मग गाणं लावलं, मग घरी फोन केला. पुण्याच्या एका बाईंनी एका वरातीच्या गाण्याखाली भलंमोठं लिहिलं होतं. त्या गाण्यावर त्यांचा भाऊ स्वतःच्या वरातीत घोड्यावरून उतरून नाचला होता. पुढे तो अपघातात गेला. तेव्हापासून ते गाणं कानावर आलं की त्या उठून जात. आण्णांचं वाचून त्यांनी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. आण्णांनी हे आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. "आपलं लिहिणं म्हंजी बसाया टाकलेलं पोतं," आण्णा म्हणाले. "बोलायचं ते ह्या लोकांनी."

प्रत्येक लेखासोबत ते त्या गाण्याची सुरुवात जोडायचे. गाण्याविषयी लिहायचं आणि ऐकवायचं नाही, हे त्यांना जेवणाचं वर्णन करून पाहुण्याला उपाशी धाडल्यासारखं वाटे. ही गाणी कुणाच्या तरी मालकीची असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. एके सकाळी पेज उघडेना. मालकी हक्काचा भंग झाल्यामुळे ते कायमचं काढून टाकलं आहे, एवढाच निरोप होता.

आण्णांनी कोरा कागद घेतला. 'माननीय महोदय' घालून, विषय, संदर्भ लिहून, शेवटी 'आपला विश्वासू' करून रीतसर अर्ज केला. चूक कबूल, गाणी काढतो, पण लोकांचं लिहिलेलं परत द्यावं. त्याचा फोटो काढून मी पेज चालवणाऱ्या कंपनीला पाठवला. क्षणात उत्तर आलं, 'तुमची विनंती मिळाली.' आण्णांचा चेहरा खुलला. "बघा सर, हिकडं धाडलं की तिकडं आवक झाली. आमच्या हापिसात आठवडा लागायचा." ते मशीनचं उत्तर आहे, हे मला माहीत होतं, तरी मी 'हो ना' म्हणालो. पुढचा निरोप आला, निर्णय अंतिम आहे.

"सही कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही, आण्णा."

"बिनसहीचा कागद आमी घेत बी नव्हतो. कुठंतरी साहेब असंलच की. त्याचं टेबल हुडका."

मी नंबर शोधले, मेल केले, पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. कुठे माणूस म्हणून सापडला नाही. रोज शाळेतून आलो की आण्णा ओट्यावरून नुसते माझ्याकडे बघायचे. माझी मान आपोआप नकारार्थी हलायची.

"माझं म्या पुन्हा लिहीन," एकदा ते म्हणाले. "त्या पुण्याच्या ताईचं कुठनं आणू? तिला वाटत असंल, आण्णानंच पुसलं." तिचं आडनाव त्यांना आठवत नव्हतं. मी नवं पेज काढून दिलं, त्यावर चार ओळखीचे आले. आण्णांनी तिथे एक लेख लिहिला आणि गाणं जोडलं नाही. खाली कुणीच काही बोललं नाही. मग त्यांनी लिहिणंच सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात आण्णा गेले. तिसऱ्याला भावकी, गल्ली, जुने हापिसातले, सगळे जमले होते. ज्यांच्यासाठी या माणसानं म्हातारपणी दुपारच्या दुपारी शब्द हुडकले, त्यांतलं एकही नव्हतं. काकूंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "सर, त्या ट्रकवाल्याला, त्या ताईला कळवलं का?"

ती माणसं कुठे आहेत, हे आता कुणालाच माहीत नाही. कळवतो म्हणालो, आणि चपला घालून बाहेर पडलो.