अंगणातली टेबलं आणि हौशाचे शोध

थंडी पडायला लागली की ताईचं डोकं फिरायला सुरुवात व्हायची. थंडीवर तिचा राग नव्हता. राग होता तो धाकट्या भावावर. त्याला घरात सगळे हौशा म्हणायचे, आणि हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्यानं पूर्ण विचार करून ठेवलं असणार, असं ताईचं ठाम मत होतं.

खरं तर ताई शिवणकाम करणारी बाई. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं छोटंसं दुकान होतं. कुणाचा कितीही बिघडलेला कोट असो, तिच्या हातातून गेला की मालक त्याला ओळखत नसे. पण बाबांचे गुडघे गेले, आणि त्यांचं रेस्टॉरंट एकट्या हौशाच्या हाती सोपवायला काही त्यांचा जीव धजेना. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं, "तू काही करू नकोस. नुसतं लक्ष ठेव." त्या नुसत्या लक्ष ठेवण्यात ताईचं दुकान कधी बंद झालं ते तिलाही कळलं नाही. शिवणाचं मशीन आता रेस्टॉरंटच्या कोठीत, बटाट्याच्या पोत्यांशेजारी उभं होतं.

रेस्टॉरंट म्हणजे आत जेमतेम सहा टेबलं आणि बाहेर मोठं थोरलं अंगण. अंगणाच्या मधोमध झाड, झाडाभोवती बाबांनी हौसेनं मांडलेली टेबलं. उन्हाळ्यात लोक त्या सावलीसाठी दारात ताटकळत उभे राहायचे. हिवाळा आला की तिथे चिटपाखरू फिरकत नसे. फाटकातून शिरलेला वारा थेट झाडापर्यंत जायचा आणि टेबलाटेबलावर विचारपूस केल्यासारखा फिरायचा. मग वाढपी आतबाहेर करत जांभया देत, आणि दर हिवाळ्यात त्यातल्या निम्म्यांना 'आता वसंतात या' असं सांगायची पाळी ताईवर येई. हौशा त्या दिवशी हमखास कुठेतरी कामाला गेलेला असे.

पण उपाय शोधण्यात मात्र तो कधी मागे हटला नाही. पहिल्यांदा त्यानं उंच खांबांचे विजेचे हीटर आणले. ते खालच्या माणसाचं फक्त डोकं तापवायचे. एक टक्कल पडलेले गृहस्थ अर्ध्या जेवणातून उठले आणि ताईला म्हणाले, "बाई, माझी टाळू भाजतेय आणि पाय बधिर झालेत. मी नक्की कुठल्या ऋतूत बसलोय?"

पुढच्या हिवाळ्यात हौशानं अंगणाला चारी बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे लावले. आत जेवणाऱ्यांच्या श्वासाची वाफ धरायची आणि तिचे थेंब वरून सूपमध्ये पडायचे. वारा सुटला की पडद्यांची अशी फडफड व्हायची की नवी लग्न झालेली जोडपी एकमेकांशी ओरडून बोलत. रस्त्यानं जाणाऱ्या एका लहान मुलीनं आईला मोठ्यानं विचारलं, "आई, या माणसांना असं पॅक का केलंय?" ताईनं त्याच दिवशी पडदे उतरवले.

मग ब्लँकेटं आली. या खेपेला ताईसुद्धा फसली, कारण कापडाचा विषय निघाला की तिचं मन विरघळायचं. लोकांना ब्लँकेटं फार आवडली. इतकी आवडली की काहीजण अंगावर घेऊनच घरी गेले. उरलेल्यांवर रस्सा सांडायचा. धुतली तर थंडीत वाळायची नाहीत, म्हणून ती स्वयंपाकघरात दोरीवर टांगावी लागत, आणि त्यांना कांदा परतल्याचा वास लागे. आचारी वैतागून म्हणाला, "ताई, मी जेवण करू की यांना फोडणी देऊ?" ताईनं मग प्रत्येक ब्लँकेटला पट्टा शिवून तो खुर्चीला बटणानं अडकवला. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा जेवून उठले आणि खुर्ची फरफटवत फाटकापर्यंत पोहोचले.

"कल्पना चांगलीच होती," हौशा म्हणाला.

"तू आता यापुढे कल्पना करायची नाहीस," ताई म्हणाली. "तुला काही सुचलं तर पाणी पी आणि झोप."

त्याला सुचायचं थांबलं नाही. सांगायचं मात्र थांबलं. म्हणूनच शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाच्या जेवणाचं ताईला त्याच दिवशी सकाळी कळलं. बाई निवृत्त होत होत्या, सगळी शिक्षक मंडळी येणार होती, आणि एवढी माणसं आत मावण्यासारखी नव्हती.

"बाहेर बसवू ना," हौशा म्हणाला. "मी त्यांना सांगितलंय, आमचं अंगण हिवाळ्यातसुद्धा मस्त उबदार असतं."

"काय सांगितलंस?"

"उबदार."

ताईनं कपाळावर हात मारला. पण तिनं तरी दुसरं काय केलं असतं? बाईंनी हौशाला शिकवलं होतं, ताईलाही शिकवलं होतं. त्यांना नाही म्हणायची छाती अख्ख्या गावात कुणाची नव्हती.

संध्याकाळी मंडळी आली. वारा नेमका त्यांच्याआधीच येऊन बसला होता. हौशानं झाडाखाली टेबलं जोडून लांब पंगत केली होती, सगळे हीटर ओळीनं लावले होते, शिवाय कुठूनतरी आणखी दोन मागून आणले होते. सूप वाढलं, बाईंनी पहिला चमचा उचलला, तेवढ्यात आत पीठ मळायचं यंत्र सुरू झालं आणि फटकन सगळं विझलं. हीटर, दिवे, आतली सहा टेबलं, सगळं अंधारात.

"काही नाही, काही नाही, फ्यूज गेलाय!" अंधारातून हौशाचा उत्साही आवाज आला.

ताई मेणबत्त्या घेऊन धावली. वाऱ्यानं त्या एकेक करून विझवल्या. सूपवर साय धरायला लागली. गणिताचे सर हातमोजे घालून पाव तोडत होते. चित्रकलेच्या बाईंनी टेबलक्लॉथची कड मांडीवर ओढून घेतली, तसे पलीकडच्यांचे पेले कलंडले. ताईला वाटलं, आता इथेच मटकन बसावं आणि मोठ्यानं रडावं, नाहीतर हौशाला त्या मेल्या हीटरच्या खांबाला बांधावं. दुसरं जास्त बरं वाटत होतं.

मुख्याध्यापिकाबाई उठल्या. आता त्या निघून जाणार, असं ताईला वाटलं. पण बाई फाटकाकडे गेल्या नाहीत. त्या अंगणाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. तिथे रिकाम्या बाटल्यांचे खोके, कचऱ्याचे डबे आणि ओल्या केरसुण्या होत्या. आचाऱ्याचे दोन मदतनीस तिथे भिंतीला पाठ लावून निवांत चहा पीत उभे होते. बाईंनी हातमोजा काढून भिंतीला तळहात लावला.

"इथे काय आहे मागे?"

"पावाची भट्टी," एकजण चहा लपवत म्हणाला.

बाई वळल्या आणि शाळेच्या पटांगणात देत असत तशा आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापली खुर्ची उचला. टेबलं पुरुषांनी आणायची. धक्काबुक्की नको."

आणि सगळे उठले! ताई मध्ये आडवी गेली. "बाई, तिकडे नका हो बसू. तिकडे कचरा आहे, केरसुण्या आहेत."

"असू देत. शाळेत राहून काय फक्त फुलं पाहिली आम्ही?" बाई म्हणाल्या. मग हौशाकडे बघून, "आणि तू तो डबा उचल. चौथीतही तू असाच होतास. प्रयोग सगळा तुझा, पसारा दुसऱ्यानं आवरायचा."

हौशानं डबा उचलला. ताईला त्या एका दृश्यानं पुढची चार वर्षं पुरेल इतका आनंद झाला.

भिंतीपाशी वारा पोहोचत नव्हता. स्वयंपाकघराची कड त्याला अडवत होती. भट्टीची ऊब विटांतून पाठीत उतरत होती. पुन्हा पेटवलेल्या मेणबत्त्या स्थिर जळायला लागल्या. आचाऱ्यानं सूप पुन्हा गरम करून पाठवलं, भाजलेले बटाटे पाठवले, भट्टीतला ताजा पाव खिडकीतून थेट टेबलावर दिला. गणिताच्या सरांनी हातमोजे काढले. मग कोट काढला. मग गाणं म्हटलं; तेवढं मात्र कुणाला थांबवता आलं नाही.

ताई एका खोक्यावर बसली आणि तिनं भिंतीला पाठ टेकली. थकलेल्या कमरेत ऊब शिरली आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी भयंकर राग आला. इतके हिवाळे स्वयंपाकघरातली माणसं इथे येऊन उभी राहत होती, आणि ती स्वतः दर वेळी त्यांच्यावर ओरडत होती, 'इथे काय रेंगाळता, कामं नाहीत का?' एकालाही तोंड उघडून सांगता आलं नसतं का? तिनं आचाऱ्याला विचारलंच.

"तुम्ही विचारलंत कुठे?" तो म्हणाला. "तुम्ही आलात की आम्ही पळायचो."

दुसऱ्या दिवशी ताईनं ती बाजू रिकामी केली. भिंत घासून चुन्यानं रंगवली, तिथे बाकं मांडून त्यांवर जुन्या ब्लँकेटांच्या जाड गाद्या शिवून बांधल्या, डब्यांना अंगणाच्या पलीकडे जागा दिली. बाबा काठी टेकत आले आणि झाडाखालची उघडी जमीन बघून म्हणाले, "माझी टेबलं कुणी हलवली?" ताईनं त्यांना हाताला धरून भिंतीपाशी बसवलं. ते जेवणाच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. पण टेबलं चुकीच्या ठिकाणी आहेत, हे ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले.

त्या हिवाळ्यात एकाही वाढप्याला घरी पाठवावं लागलं नाही. मात्र आता नवाच ताप सुरू झाला. प्रत्येकाला भिंतीचीच जागा हवी. दोन सख्ख्या जावा एका बाकासाठी ताईच्या समोर अशा भांडल्या की वर्षभर त्यांचं बोलणं नव्हतं म्हणे. हौशा मात्र ज्याला त्याला सांगायचा, "फ्यूज मी उडवला म्हणून हे सापडलं." ते खरं होतं, आणि त्याचाच ताईला जास्त त्रास व्हायचा.

थंडी ओसरायला लागली तेव्हा तो कोठीच्या दारात येऊन उभा राहिला. ताई मशीनवर बसून गाद्यांची उसवलेली शिवण घालत होती.

"ताई, पाणी प्यालो, झोपूनही आलो. तरी तेच सुचतंय."

"बोल."

"समोरच्या बाजूला आणखी एक भिंत आहे. तिच्यामागे आपण दुसरी भट्टी बांधली तर?"

ताईनं मशीन थांबवलं. तिनं बराच वेळ त्या बोलण्यात खोट शोधली. धूर, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारीणबाईंच्या तक्रारी, गवंड्याचा धिंगाणा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. पण खोट काही सापडेना.

"देवा," ती म्हणाली, "याला एखादी तरी चुकीची कल्पना सुचायला काय झालं होतं आज!"

भट्टी भर उन्हाळ्यात बांधली गेली. गवंड्यानं ती थोडी तिरकी बांधली आणि हौशा ती मुद्दामच तशी असल्याचं सांगत फिरला. वरच्या शेजारीणबाई खिडकी आपटून बंद करायला लागल्या. घामानं डबडबलेली ताई धुरात उभी राहून गवंडी आणि हौशा दोघांनाही शिव्या घालत होती, आणि एका हातानं त्या दुसऱ्या भिंतीची लांबी मापाच्या पट्टीनं मोजत होती. गाद्या किती लागतील ते बघायला.