आवाज वाढलाय, गाडी न्हाई

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं असंल, तर जीपचा हवेचा फिल्टर धुतला. ती कपड्याच्या पावडरीत बुडवून चोळत होती, मी वरून पाणी टाकत होतो. मग तिनं तो माझ्या सदऱ्याशेजारी दोरीला चिमट्यानं लटकवला आणि नेहमीचं बोलली, "आवाज वाढलाय, गाडी न्हाई."

ती म्हणजे आमची मंडळी. नाव आमच्यात घेत न्हाईत. जन्मभर घेतलं न्हाई, आता घेऊन काय करायचं. अहमदपूरच्या स्टँडवर तिला सगळे मामी म्हणायचे. मी जीप चालवायचो, ती दारापाशी उभी राहून "लातूर, लातूर, लातूर" ओरडायची. सुरुवातीला लोक हसले. मग बायका-पोरी आमचीच जीप बघून बसायला लागल्या. दुसरे ड्रायव्हर म्हणायचे, "मामी, आमच्यासाठी बी वरडा की!" तर म्हणायची, "का रं, तुज्या बायकूनं तोंडात गुळणी धरलीय का?"

पुढं तिच्या काळजाची झडप बिघडली. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन झेपणार न्हाई. गोळ्या चालू ठेवा, आणि दम लागला की लागलीच घेऊन या, उशीर केला तर माझ्या हातात काही राहणार न्हाई. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घुसलं. जीप जोरात पळाली पाहिजे.

नांदेडला एका दुकानात उघडा फिल्टर मिळाला. तुम्ही बघितला असंल, कणसासारखा निमुळता, लालभडक. गाडीचा मूळचा काळा डबा काढायचा आणि हा बॉनेटखाली उघडाच लावायचा. दुकानदार म्हणाला, "काका, इंजिनला मोकळी हवा भेटली की गाडी इमानावानी पळती." बसवला. रेस दिली की बॉनेटखालून असा आवाज यायचा, मला वाटलं आता लातूर हाकेवर आलं.

ती मान खाली घालून ऐकत होती. तेव्हाच पहिल्यांदा बोलली, "आवाज वाढलाय, गाडी न्हाई."

"तुला काय कळतं इंजिनातलं?"

"मला चढ कळतो."

माहूरला देवीच्या दर्शनाचे लोक घेऊन जायचो. चढाला एका वाकड्या सागापाशी जीपचा जोर सरायचा, गिअर उतरवावा लागायचा. नवा फिल्टर लावून गेलो, तर त्याच सागापाशी उतरवावा लागला. ती नुसती सागाकडं बघून हसली. उन्हाळ्यात तर त्याच्याही अलीकडंच उतरवला. वर गेल्यावर बॉनेट उघडून तिनं आत हात धरला. "इथं भट्टी हाय. भट्टीतली हवा पिऊन कोण पळतंय?"

तरी मी काढला न्हाई. अन् काढा, असं ती कधी म्हणाली न्हाई. कशासाठी बसवलाय ते तिला ठाऊक होतं.

सोयाबीनची मळणी सुरू झाली की रस्त्यानं नुसता भुसा उडतो, फिल्टर चोंदायचा. मग तीच धुवायची. वाळला की तेल लावा, असं दुकानदारानं सांगितलं होतं. कसलं तेल, ते मी विचारलं न्हाई. हिनं करडीचं लावलं, डोक्याला लावावं तसं बोटांनी. दोन दिवस जीपमधून भज्यांचा वास. प्रवासी विचारायचे, "मामी, डब्यात काय आणलंय?"

फिल्टर वाळेपर्यंत मी जुना डबा बसवायचो. शेवटचा धुतला त्या दिवशीही बसवला. दुपारी तिला दम लागला.

पुढच्या सीटवर बसवली आणि निघालो. चाकूर येईपर्यंत पाय दाबून धरला होता. जुन्या डब्यानं जीप मुकाट चालली होती. आवाज न्हाई, काही न्हाई. ते मला सहन होईना. मी शिव्या देत होतो, जीपला, पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला, दुकानदाराला. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"आवं, आज पळायलीय," म्हणाली. "तुमचा फिल्टर चांगला हाय."

फिल्टर घरी दोरीवर होता. तिनंच लटकवला होता.

लातूर आलं तेव्हा डॉक्टरला करायला काही उरलं नव्हतं. आणखी लवकर आलो असतो तर, हे मी त्याला विचारलं न्हाई. संध्याकाळी तिला माघारी आणलं, अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरचा एक ड्रायव्हर भेटायला आला. आमच्याच गल्लीतला. त्याच्या बापालाही काळजाचाच त्रास. बसला, मामीची आठवण काढून रडला, मग घुटमळत म्हणाला, "मामा, वाईट नका वाटून घेऊ. तुमच्यासारखा फिल्टर मी बी बसवू का? बापाला कालपासून बरं न्हाई."

मी म्हणालो, "त्यानं काही गाडी पळत न्हाई. ऊठ. बापाला आत्ताच गाडीत घाल. दम लागायची वाट बघत बसू नको."

तो अनवाणीच पळाला. चपला माझ्या दारात राहिल्या. मला सुतक, कुणाच्या दारात जायचं न्हाई. तरी उठलो. चपला हातात घेतल्या आणि त्याच्या घराकडं गेलो. त्याची आई अंगणात उभी होती. बाहेरूनच विचारलं, "निघाले का?"

"हाव दादा, आत्ताच निघाले."

चपला भिंतीपाशी ठेवल्या आणि माघारी फिरलो.