बॅलास्ट भारी की क्वायट मेरी

अमेरिकेतल्या यंग्सटाऊन गावच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ ढकलणारा आणि उन्हाळ्यात खड्डे बुजवणारा वेंडेल ओक्स हा तसा गरीब स्वभावाचा माणूस. साहेबाने ऐनवेळी पाळी बदलली तरी हूं की चूं करायचा नाही. बायको सोडून गेली तेव्हा तिचं सामान यानेच गाडीत नीट रचून दिलं होतं. पण बुधवारी संध्याकाळी लॉर्नाच्या कॉमिक्सच्या दुकानात शिरला की त्याच्या अंगात यायचं. बुधवारी नवे अंक येतात, आणि त्यांच्याबरोबर जुनी भांडणंही.

भांडण कशावरून? तर त्या अंकांमध्ये जन्मतःच अचाट शक्ती घेऊन आलेली जी माणसं असतात, म्यूटंट म्हणतात त्यांना, त्यांच्यात कोण कोणाला भारी यावरून. हसू नका. याहून फालतू गोष्टींवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबलेले मी पाहिलेत. इथे निदान नियम होता: पानावर चितारलंय तेवढंच खरं. मुखपृष्ठ पुराव्यात धरायचं नाही, कारण मुखपृष्ठ धादांत खोटं बोलतं हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. लेखक मुलाखतीत काय बरळला तेही नाही. अंक काढायचा, पान उघडायचं, बोट ठेवायचं.

वेंडेल क्वायट मेरीचा. तिने नुसता हात लावला की धावतं ते थांबतं, जळतं ते विझतं. समोर गस ह्राबाक, म्हातारा खाटीक, बॅलास्टचा भक्त. हा बॅलास्ट मनात आणेल तेवढा जड होतो, अगदी डोंगराएवढा. वर्षानुवर्षं हे दोघं एकमेकांची अक्कल काढत आले होते. हार कोणीच मानायचं नाही, आणि मग दोघांनी वेंडेलच्याच गाडीतून घरी जायचं.

वसंतात गसच्या हृदयावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याचं येणं बंद पडलं. वेंडेलला बुधवार खायला उठायचा. पानगळ सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी गस काठी टेकत दुकानात आला. कोट खांद्यावरून लोंबत होता. नवे अंक उचलून, खुर्चीत बसून त्याने दम खाल्ला आणि लगेच तोंड सोडलं.

"काय रे बर्फवाल्या, तुझी ती मेरी हात लावणार कशी? बॅलास्ट वरून पडला की तिची चपटी पोळी!"

याला उत्तर वेंडेलच्या जिभेवर होतं. पण त्याची नजर गसच्या काठीवर आणि लोंबत्या कोटावर गेली आणि त्याचं काळीज हललं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "बॅलास्टच जिंकेल."

गसने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू याने त्याच्या तोंडावर चादर ओढली होती.

"मी मेलोय का रे?" तो हळूच म्हणाला. घेतलेले अंक त्याने परत ठेवले आणि टॅक्सी बोलावून एकटाच निघून गेला. पुढच्या बुधवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"तू पण कमाल केलीस," लॉर्नाने वेंडेलला झापलं. "घरात लेक, नर्स, शेजारी, सगळे त्याला हो ला हो करतात. एक जागा होती भांडायला, तीही तू काढून घेतलीस."

"मला वाटलं, बरं वाटेल त्याला."

"तो इथे बरं वाटून घ्यायला येतो होय रे?"

वेंडेलला रात्रंदिवस तेच डाचत राहिलं. आपला एकुलता एक मित्र आपण चांगुलपणाने घालवला, आणि सॉरी म्हणायला जावं तर ती आणखी एक दया. शेवटी शनिवारी दुपारी तो एक जुना अंक कोटात घालून गसच्या घरी गेला. दार त्याच्या लेकीने, टेरेसाने, उघडलं.

"त्यांना चिडवू नका हं वेंडेल," ती कुजबुजली. "डॉक्टरांनी सांगितलंय."

गस खिडकीशी बसला होता. त्याने मानही वळवली नाही.

"सांत्वनाला आलास? फुलं आणलीस का?"

"तुझा बॅलास्ट म्हणजे बटाट्याचं पोतं," वेंडेल म्हणाला. त्याने कोटातला अंक काढून समोर आपटला. "हे बघ. मेरीने भरधाव आगगाडी पुलावर जागच्या जागी थांबवली. एका हाताने! तुझं पोतं काय चीज आहे?"

गसने चष्मा चढवला. चित्र पाहिलं. मग पुढच्या चित्रावर बोट ठेवलं.

"गाडी थांबली, कबूल. पण पूल का वाकला रे?"

वेंडेल पानावर वाकला. रुळांखाली पूल खरोखरच खचला होता.

"ती वेग मारते, वजन नाही," गस म्हणाला. "वरून आलेल्या बॅलास्टला थांबवेल, आणि तो तसाच तिच्या डोक्यावर बसेल."

"हा... हा त्या चित्रकाराचा गाढवपणा आहे!"

"पानावर आहे!"

"पूलच जुना असेल!"

"कुठे लिहिलंय तसं? दाखव!"

टेरेसा धावत आली. "बाबा, हळू! वेंडेल, मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"तू मध्ये पडू नकोस," गस ओरडला, पण त्याची नजर वेंडेलवरच होती. वेंडेल पानं उलटत होता, पुढे, मागे, पुन्हा पुढे. मानेपर्यंत लाल झाला होता. इतकी वर्षं जपलेला अंक, आणि तो पूल त्याला कधी दिसलाच नव्हता. संताप आवरत नव्हता.

गस त्याचा चेहरा निरखत होता. मग खुर्चीत सैल झाला.

"चिडलायस की रे खरंच," तो म्हणाला.

"बुधवारी बघतो तुला," वेंडेल दातओठ खात म्हणाला.

"गाडी घेऊन ये मला न्यायला," गस म्हणाला. "आणि वेळेवर ये."